न दिलेला हिसका

"आणि भाऊला शिकवलात तोच श्वास मला शिकवला तर तुमचं काय जातं?" मी विचारलं.

दोधूबाबा पाटात गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात फावडं होतं. त्यांनी वर बघितलं नाही.

हे मी तिसऱ्यांदा विचारत होतो.

"बाबा, ऐकू येतं का?"

"येतं."

"मग?"

त्यांनी चिखलाचा एक गोळा उचलला आणि चारीच्या तोंडाशी दाबून बसवला. चारीत जाणारं पाणी थोडं आवळलं.

दोधूबाबा एकतीस वर्षं आमच्या गावचे पाटकरी होते. पांझरा नदीच्या बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून शेतांना पाणी जातं. कोणाला किती आणि कधी, ते पाटकरी ठरवतो. म्हणून आमच्याकडे पाटकऱ्याची स्वतःची जमीन त्या पाण्यावर नसते. बाबांची कुठेच नव्हती. काम सोडल्यावर ते पाटाच्या कडेला, करंजाखालच्या झोपडीत राहायला लागले. एका नाथपंथी साधूकडून श्वासाचं काही शिकले होते. गुरुवारी दहा-बारा माणसं त्यांच्यापुढे डोळे मिटून बसायची. नवा पाटकरी दुपारी जेवायला गेला की बाबा त्याचं फावडं घ्यायचे. ती सवय गेली नव्हती.

माझा मोठा भाऊ हिलाल दोन महिने गुरुवारी तिथे बसला.

तो विहिरीत उतरायचा. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते, तिच्यात गाळ अडकतो, मोटार पाणी फेकत नाही. मग आसपासच्या पाच गावांतून भाऊला बोलावणं यायचं. तो कंबरेला दोर बांधून बुडी मारायचा. दोराचं दुसरं टोक काठावर माझ्या हातात असायचं.

चौदा दिवसांपूर्वी तो भिला पाटलांच्या विहिरीत उतरला. वर आला नाही.

"तुमच्याकडे ढेरपोटे येऊन बसतात," मी म्हणालो. "मास्तर येतो. तो गिरणीवाला येतो. त्यांतला एक तरी पाण्यात उतरतो का? त्यांना शिकवता. मी उतरणार आहे, तर मला नाही."

"गिरणीवाल्याची ढेरी कमी झालीय," बाबा म्हणाले. "त्याला असं बोलू नकोस. वाईट वाटेल त्याला."

"मी चेष्टा करत नाही."

"मीही नाही."

...

"कशाला पाहिजे?" बाबांनी विचारलं.

"भाऊचं काम करायला. लोकांच्या मोटारी बंद पडल्यात."

"आणि?"

"आणि काही नाही."

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग फावडं काठावर ठेवलं आणि वर येऊन बसले. पाय पाण्यातच होते.

"जिभाऊ," ते म्हणाले, "तुझ्या भावाला मीच शिकवला तो श्वास."

"माहीत आहे."

"पुढचं माहीत नाही तुला. त्यानं एकदा विचारलं, 'बाबा, यानं दम वाढतो का?' मी म्हटलं, वाढतो. मला वाटलं, टेकडी चढायचं विचारतोय." ते थोडं थांबले. "दम कुठे वापरणार, ते मी विचारलं नाही."

शिव्या देण्यासाठी घरून शब्द ठरवून आणले होते. ते आठवले नाहीत.

"तो गेल्यावर चौथ्या दिवशी मी धुळ्याला गेलो," बाबा म्हणाले. "ओळखीची एक डॉक्टरीणबाई आहे. तिला म्हटलं, मी एका पोराला अमुक श्वास शिकवला, तो पाण्यात मेला. मी काय शिकवलं ते मला सांग."

"तुम्ही विचारायला गेलात?"

"मग कोणाला पाठवू?"

"ती काय म्हणाली?"

बाबांनी बंडीच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. घामानं मऊ झाली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी सातवीत शाळा सोडली. अक्षरं लावायला वेळ लागला.

"कार्बन… डाय… ऑक्साइड."

"तेच. माझ्या तोंडात बसत नाही. मी जळकी हवा म्हणतो. चुलीतून धूर निघतो तशी अंगातून ती निघते. आपण बाहेर टाकतो ती."

"ते शाळेत होतं. वाईट हवा. झाडं घेतात."

"वाईट…" बाबा म्हणाले. त्यांनी एक काडी तोडली आणि चारीच्या कडेच्या मातीत, पाणी जिथवर होतं तिथे, खोचली.

"यावर नजर ठेव," ते म्हणाले.

ते उठले आणि पाटाच्या वरच्या अंगाला गेले. तिथे फळी लावून पाणी अडवलेलं होतं. त्यांनी फळी वीतभर उचलली. पाट फुगला, गढूळ झाला, जोरात आला. बाबा घाईघाईनं परतले आणि चारीच्या तोंडाशी पाय रोवला. पायानं चिखल सरकवत, हातानं दाबत त्यांनी तोंड अरुंद केलं. बोटभर फट ठेवली. मग ती थोडी कमी केली.

"काडी बुडाली का?"

"नाही."

"पाट चढला का?"

"दिसतंय की."

त्यांनी परत जाऊन फळी खाली केली. पाट उतरला. बाबांनी चारीचं तोंड रुंद केलं, चिखलाचे गोळे काढून बाजूला टाकले.

"आता?"

"तेवढंच आहे."

"बाईनं माझ्या दंडाला पट्टा बांधला," बाबा म्हणाले. त्यांना दम लागला होता. "दाब एकशे साठ निघाला. मी म्हटलं, बाई, मग माझ्या डोक्यात पूर यायला पाहिजे. ती हसली. म्हणाली, नाही येत. दाब चढला की डोक्यातल्या नळ्या आवळून घेतात स्वतःला. उतरला की सैल सोडतात. रक्त जेवढ्याला तेवढं. फारच पूर आला किंवा फारच कोरड पडली, तरच हात चालत नाही."

"कोणाचा हात?"

"डोक्यातही एक पाटकरी आहे म्हण."

"डोक्यात पाट असतो होय?" मी म्हणालो. "आणि चिखलही असेल."

"तुझ्यात आहे."

मला हसू आलं नाही. बाबाही हसले नाहीत.

"पाटकरी कशाकडे बघून तोंड उघडतो?" त्यांनी विचारलं.

"पाण्याकडे."

"नवा बघतो पाण्याकडे. मीही पहिलं वर्ष तेच केलं. शेतं जळाली लोकांची. शिव्या खाल्ल्या." ते परत काठावर बसले. "पाणी किती आहे ते पाण्याकडे बघून कळतं. किती पाहिजे ते नाही कळत. ते शेताकडून यावं लागतं. कोणी बांधावर उभं राहून हाक मारतं, कोणी काठीला फडकं बांधून हलवतं. हाक आली की तोंड उघडायचं. हाक थांबली की शेत भिजलं समजायचं, आणि तोंड बंद."

"मग डोक्यात कोण हाक मारतं?"

बाबांनी माझ्या हातातल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"ही?"

"ही. डोक्याच्या ज्या कोपऱ्यात काम जास्त, तिथे जळकी हवा जास्त. ती साठली की नळ्या रुंद होतात. रक्त धावतं. ती कमी झाली की नळ्या आवळतात."

मी चिठ्ठीकडे बघत राहिलो. ती उलटी धरली होती. सरळ केली.

"बुडी मारायच्या आधी भाऊ काय करायचा?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडे शिकला तसा, तीस-चाळीस वेळा जोरात श्वास. भात्यासारखा. हवा भरून घ्यायचा."

"चांगली हवा भरली थोडीशीच. अंगात ती आधीच भरलेली होती. टाकली ती जळकी. सगळी झाडून टाकली."

"म्हणजे…"

"म्हणजे चाळीस श्वास घेतले आणि डोक्याच्या नळ्या आवळल्या. शेताला पाणी हवंय, पण बांधावर हाक मारायला कोणी नाही. आणि दुसरं… माणसाला श्वास घ्यावासा वाटतो, छाती फुटेलसं होतं, ते हवा संपली म्हणून नाही. जळकी साठली म्हणून. बाईनं हे दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं."

पाटात एक पान वाहत आलं, चारीच्या तोंडाशी फिरलं आणि आत गेलं.

"त्याला घुसमटल्यासारखं झालंच नाही," बाबा म्हणाले. "चांगली हवा संपत गेली. हाक आली नाही. डोकं विझलं."

...

"खोटं," मी म्हणालो.

"बरं."

"बरं काय? तुमचा दोष झाकायला सांगताय तुम्ही हे."

"माझा दोष मी तुला आधी सांगितला. मग हे."

ते खरं होतं. त्यामुळे मला आणखी राग आला. मी चिठ्ठी चुरगाळली. मग उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"डोकं विझलं असेल," मी म्हणालो. "मान्य. पण हिसका द्यायला डोकं लागत नाही, हात लागतो. दोर त्याच्या कंबरेला होता. हातभर अंतरावर. आमचं ठरलेलं होतं, वर यायचं झालं की हिसका द्यायचा, मग मी ओढायचं. हिसक्याआधी ओढलं की तो चिडायचा. काम अर्धं राहतं म्हणून. सहा वर्षं तसंच चाललं होतं. सहा वर्षं त्यानं दरवेळी हिसका दिला. त्याच दिवशी का नाही?"

बाबांनी मांडीवरची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

"आई रोज विचारते. त्यानं हिसका दिला नव्हता ना रे? मी म्हणतो, नाही. ती भाकरी थापते. परत विचारते."

"तू काय समजतोस?"

"मला तळाशी जाऊन बघायचंय."

"काय?"

"तिथून हिसका देता येतो का नाही ते. त्याच विहिरीत. त्याच्याएवढा वेळ. म्हणून श्वास पाहिजे. देता येत असेल तर…"

मी थांबलो.

"तर?" बाबा म्हणाले.

"तर त्यानं मुद्दाम दिला नाही."

"मुद्दाम का देणार नाही?"

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. पाटाकडे बघत सांगितलं.

"दोन दिवस आधी मी त्याची मोटारसायकल नेली. न विचारता. आरसा फुटला. त्यानं चहाच्या टपरीवर, चारचौघांत, माझ्या कानाखाली मारली. मी म्हणालो, आजपासून मला हाक मारायची नाही. मेलास तरी मारू नकोस."

बाबांनी पाय पाण्यातून वर घेतले.

"मग तो हाक मारायचाच नाही," मी म्हणालो. "दोन दिवस. जेवायला चल म्हणायचं असलं तरी ताट वाजवायचा. विहिरीवर जायच्या दिवशी मी झोपलो होतो तर माझ्या अंगावर दोर टाकला. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, चेष्टा करतोय. काठावर त्यानं दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हसला. भात्यासारखा श्वास घेतला. गेला."

...

"मी दोर धरून उभा होतो. मोजत होतो. दीडशे झाले. दोनशे झाले. मला बरं वाटलं, बाबा. म्हटलं, आज जास्तच राहिला, मास्तरला सांगू. पाटलांचा गडी म्हणाला, ओढ रे. मी म्हणालो, हिसका येऊ दे. मला म्हणजे… मला वाटत होतं, आता तरी त्याला मला हाक मारावी लागेल."

बाबांनी डोळे मिटले होते. झोपले की काय, असं मला वाटलं.

"म्हणजे तू उतरणारच आहेस?" त्यांनी तसंच विचारलं.

"शिकवलं तरी उतरणार. नाही शिकवलं तरी उतरणार."

"दोर कोण धरणार?"

"कोणी नाही."

बाबा उठले. खांद्यावरचं उपरणं काढून झटकलं. त्याचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दातांनी गाठ ओढली. मग म्हणाले, "चल. गवतात बस."

"शिकवताय?"

"एकदाच. आज, माझ्यासमोर. पुन्हा मी नाही आणि तूही नाही. एकट्यानं तर कधीच नाही. बाईला कळलं तर ती माझी दाढी उपटेल."

पाटापासून दहा पावलांवर मऊ गवत होतं. आसपासचे दगड बाबांनी पायानं बाजूला केले. मी उकिडवा बसलो. ते माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. उपरण्याचं मोकळं टोक त्यांनी माझ्या उजव्या मुठीत दिलं आणि वरून बोटं मिटली.

"घुसमटलास, घाबरलास, नको वाटलं, काहीही झालं… हे ओढ. मी तिथेच थांबवतो."

"मला काही होत नाही."

"तरी. काय करशील?"

"ओढीन."

"कशानं?"

"हातानं."

"हात कुठे आहे?"

"हा काय. कापड हातातच आहे."

"हं. कर सुरू. भाऊ करायचा तसा."

मी सुरू केलं. नाक वाजायला लागलं. छाती वरखाली होत होती. बाबा माझ्याकडे बघत होते, पापणी हलत नव्हती.

थोड्या वेळानं ओठांना मुंग्या आल्या. मग बोटांना. बोटं आपोआप आत वळली. करंजाची पानं जास्त हिरवी दिसायला लागली, मग जास्त पांढरी. डोकं हलकं झालं. छातीवर चौदा दिवस एक वजन होतं, ते कुठेतरी गेलं. मला वाटलं, दोनशे काय, चारशे मोजेपर्यंत राहीन.

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"भारी."

"भीती?"

"कसली?"

"ऊठ."

मी उठलो.

...

एक मुंगी गवताच्या पात्यावरून चढत होती. पातं माझ्या नाकासमोर होतं.

मग करंज दिसला. तो आडवा होता. मग कळलं, मी आडवा आहे. माझ्या डोक्याखाली बाबांचा हात होता. ओला, चिखलाचा.

"ढकललंत मला," मी म्हणालो.

"नाही."

"मग कोणी पाडलं?"

"कोणी नाही."

"मी आत्ता उभा होतो."

"होतास."

"किती वेळ झाला?"

"सात-आठ श्वास. माझे."

मी आठवून बघितलं. मी उठलो, आणि मुंगी होती. मधे काही नव्हतं. अंधारही नव्हता. अंधार आठवला असता. घुसमटलो नव्हतो. कोणाची आठवण आली नव्हती. कोणावर राग नव्हता. काही ठरवलं नव्हतं.

मी उठून बसायला लागलो. बाबांनी खांदा दाबला.

"पडून राहा. पाणी चढू दे."

मी पडून राहिलो. पाटाचा आवाज येत होता. लांब कोणीतरी बांधावरून पाण्यासाठी हाक मारत होतं. बाबांनी तिकडे मान वळवली, पण ते उठले नाहीत.

माझी उजवी मूठ अजून मिटलेली होती. बोटं आत वळून घट्ट झाली होती, उघडत नव्हती. मी ती तोंडासमोर आणली. उपरण्याचं टोक आतच होतं. तिथून कापड गवतावरून गेलं होतं, सैल, एका काटकीवरून, आणि बाबांच्या मनगटाच्या गाठीपर्यंत पोचलं होतं. गाठ जशीच्या तशी होती. कापडाला जराही ताण पडलेला नव्हता.

बाबा त्या कापडाकडे बघत होते. मीही बघत होतो.

"ओढलं नाहीस," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"हात होता."

"होता."

"कापड हातात होतं."

"होतं."

मग बाबांनी माझी बोटं एकेक करून उघडली, उपरण्याचं टोक काढून घेतलं आणि माझ्या चेहऱ्यावरून फिरवलं. तेव्हा मला कळलं की चेहरा ओला आहे.

"जिभाऊ," त्यांनी विचारलं, "माझ्यावर रुसला होतास का?"